फुप्फुस प्रत्यारोपणानंतर: टॅक्रोलिमस की सायक्लोस्पोरिन?

नव्या फुप्फुसाला परकं ठरवून हल्ला चढवतात त्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीच्या पांढऱ्या पेशी. दोन्ही औषधं त्यांच्यातलं कॅल्सिन्युरिन हे पेशींना चेतवणारं एन्झाइम अडवतात. मग पेशींना वाढायचा इशारा देणारं इंटरल्यूकिन-२ पुरेसं बनत नाही, पेशींची फौज वाढत नाही. मग फरक कुठे?

फुप्फुस टिकण्यात. स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ३ वर्षांत जुनाट रिजेक्शनचं (शरीराने नवं फुप्फुस हळूहळू नाकारण्याचं) प्रमाण सायक्लोस्पोरिनवर सुमारे ३९ टक्के, तर दिवसातून एकदाच्या टॅक्रोलिमसवर १३ टक्के होतं. निकाल जवळपास इथेच लागतो.

दुष्परिणाम वेगवेगळे. टॅक्रोलिमसने साखर वाढते, हात थरथरतात, केस गळतात. सायक्लोस्पोरिनने हिरड्या फुगतात, नको तिथे केस उगवतात, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढतं. मूत्रपिंडाला दोन्ही नडतात.

कटकट सारखीच. नेहमीच्या कॅप्सूल दर १२ तासांनी, आणि औषधाची पातळी तपासायला रक्त सकाळच्या डोसआधी द्यायचं. कॅप्सूल गिळून रक्त दिलं की आकडा फसवा चढतो, डोस उगाच कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल पातळी वाढवतं, क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन पाडतं. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

बहुतेकांना सुरुवातीला टॅक्रोलिमसच बरं. साखर हाताबाहेर गेली किंवा कंप असह्य झाला, तर सायक्लोस्पोरिनचा विचार होतो; पण बदल डॉक्टरांनीच करायचा.