नाणे न टाकता चाललेला खेळ: आर्केडच्या जुन्या सामानात माझे 9,350 रुपये कसे गेले

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमसारखे उभे यंत्र, बनवण्याच्या नादात माझे 9,350 रुपये गेले. आधी 1,500, मग 5,650 आणि शेवटी 2,200, असे तीन हप्त्यांत, अकरा दिवसांच्या आत, आणि तिन्ही वेळा पिन मी स्वतःच्या बोटाने दाबला. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत हे घरात आणि कचेरीत सगळ्यांना बजावणारा मीच होतो, त्यामुळे हे लिहिताना राग जास्त येतो की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझे अंदाजपत्रक 15,000 रुपयांचे होते. सांगाडा मी स्वतः कापला. 18 मिलिमीटरचे प्लायवूड, स्क्रू आणि रंग यांवर 3,640 रुपये गेले. उरलेल्या पैशांत पडदा, दोन जॉयस्टिक, बटणे, ती संगणकाला जोडणारा एन्कोडर आणि खेळ चालवणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एवढे सगळे नवे घेणे शक्य नव्हते, म्हणून मी जुन्या सामानाच्या जाहिराती पाहू लागलो. तिथे एकाने अर्धवट सोडलेल्या कॅबिनेटचे सगळे भाग 7,150 रुपयांना काढले होते: दोन जॉयस्टिक, सोळा बटणे, 19 इंची चौकोनी धाटणीचा एलसीडी मॉनिटर, एन्कोडर, रास्पबेरी पाय आणि खेळांनी भरलेले 128 जीबीचे मेमरी कार्ड. किंमत डोळ्यांत भरण्याइतकी कमी असती तर मी दचकलो असतो. ती तशी नव्हती. वापरलेल्या सामानाला जेवढी शोभावी तेवढीच होती, आणि मी काही डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत. एन्कोडर कोणता, बटणांचे मायक्रोस्विच (दाब ओळखणारे आतले छोटे स्विच) बदलता येतात का, जॉयस्टिकचे गेट (दांड्याची हालचाल अडवणारी चौकट) चौकोनी की अष्टकोनी, असे सगळे मी विचारले आणि त्याने न अडखळता उत्तरे दिली. ही नावे दोन संध्याकाळींत कोणालाही पाठ होतात, हे मला नंतर सुचले. विक्रेत्याला शब्द येतात याचा अर्थ त्याच्याकडे वस्तू आहे असा होत नाही.

टोकन म्हणून 1,500 रुपये मी पाठवले ते एक व्हिडिओ पाहून, आणि माझा खरा जळफळाट त्या व्हिडिओपाशी आहे. तो 41 सेकंदांचा होता. पडद्यावर मारामारीचा खेळ रंगलेला, आणि समोर एका हाताने जॉयस्टिक फिरवणारा व दुसऱ्याने बटणे बडवणारा माणूस, ज्याचा चेहरा दिसत नव्हता. मी तो वीस वेळा तरी पाहिला असेल, पण दर वेळी पाहिले ते बटणांमधले अंतर, दोन खेळाडूंमधली जागा आणि मनगट टेकायला फळी किती पुढे घ्यावी हे. पडद्याकडे मी पाहिलेच नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला ‘इन्सर्ट कॉइन’ ही अक्षरे पूर्ण 41 सेकंद लुकलुकत होती. ज्याने आयुष्यात एकदा आर्केडचे यंत्र पाहिले आहे त्याला आणखी काय सांगायचे? कोणी खेळत नसले की यंत्र गिऱ्हाईक ओढण्यासाठी स्वतःच स्वतःशी खेळते. तो डेमो असतो आणि त्याला ना जॉयस्टिक लागते ना बटण. लहानपणी खिशात नाणे नसले की आम्ही त्याच डेमोसमोर उभे राहून जॉयस्टिक हलवायचो आणि आपणच खेळत असल्याचा आव आणायचो. म्हणजे ज्या लबाडीने मला लुबाडले ती मी आठव्या वर्षी स्वतः करत होतो. चौदाव्या सेकंदाला त्या माणसाचा हात डावीकडे जातो आणि पडद्यावरचा गडी उजवीकडे उडी मारतो. हे मला केव्हा दिसले? तक्रारीच्या अर्जात ‘पुराव्याचे वर्णन’ लिहायला बसलो तेव्हा, म्हणजे सगळे पैसे गेल्यावर.

कोणी असा व्हिडिओ पाठवला तर व्हिडिओ कॉल करायला लावा आणि आपल्या देखत क्रेडिट (नाण्याऐवजी बटण दाबून भरायचा डाव) टाकून, स्टार्ट दाबून खेळ सुरू करायला सांगा. त्याहून बरे म्हणजे बटणे तपासण्याचा मेनू उघडायला सांगा, जिथे दाबलेल्या बटणाची नोंद त्याच क्षणी पडद्यावर उमटते. ज्याचे सामान खरे आहे त्याला यात दोन मिनिटेही लागत नाहीत.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. ‘दादा, आणखी दोघे मागे लागलेत’ म्हणून 5,650 रुपये, आणि मग पडदा फुटू नये म्हणून विम्याची ‘परत मिळणारी’ अनामत 2,200 रुपये. खाते तिसऱ्याच्याच नावावर होते. भावाचे आहे, असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. अनामत भरण्यापूर्वी त्याने पार्सलची पावती पाठवली, तिच्यावर वजन 1.9 किलो असे स्पष्ट छापलेले होते. एकटा मॉनिटरच चार-पाच किलोंचा भरतो. पावती खरी आहे एवढे पाहून मी समाधान मानले. तिच्यावरचा आकडा वाचायला हवा होता.

पार्सल आले, हे विशेष. आत तळाची पट्टी तडकलेली एक जॉयस्टिक, मायक्रोस्विच नसलेली चार बटणे, कार्ड आणि बाकी रद्दी. 128 जीबी असे छापलेल्या त्या कार्डात प्रत्यक्षात 8 जीबीच जागा निघाली. असे कार्ड संगणकाला आपली क्षमता खोटी सांगते, फायली घेतल्यासारखे दाखवते आणि खरी जागा संपली की पुढचा सगळा माल गिळते; विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ3 चालवून पूर्ण भरून वाचल्याखेरीज कोणत्याही कार्डावर विश्वास ठेवू नका. बटणे 24 मिलिमीटरची होती. मी मात्र सामान हातात येण्याआधीच उत्साहाने 30 मिलिमीटरची सोळा भोके पाडून ठेवली होती, आणि त्यांतून ती बटणे सरळ खाली पडतात. सामान मोजल्याशिवाय फळीला ड्रिल लावू नका.

ते फुटके पार्सल आले हाच माझ्या तक्रारीचा घात ठरला. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, तेव्हा व्यवहार अधिकृत आहे. पोलीस ठाण्यातून मला सायबर विभागाकडे धाडले. तिथे विचारले, ‘वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी वाद झाला.’ चार बटणे आणि एक तडकलेली जॉयस्टिक म्हणजे वस्तू मिळणे असेल, तर दार आणून देऊन घर विकल्याचे म्हणता येईल. ऑनलाइन अर्जात माझ्या प्रकाराला रकानाच नव्हता. जवळचा रकाना निवडला तर ‘चुकीचा प्रवर्ग’ म्हणून अर्ज परत आला, आणि वर्णनाला एवढी थोडी अक्षरे की तीन हप्ते लिहूनच जागा संपली. एका अधिकाऱ्याने कार्डावरच्या खेळांचा परवाना माझ्याकडे आहे का, असे विचारले. प्रश्न बरोबर होता, हे मी कबूल करतो. मेम हा एमुलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करून त्यांचे खेळ संगणकावर चालवणारी प्रणाली, मोफत आणि कायदेशीर आहे, पण त्यावर चालणारे बहुतेक व्यावसायिक खेळ तसे वाटता येत नाहीत, आणि ‘हजारो खेळ भरून’ असे लिहिणारी जाहिरात तिथेच संशयास पात्र होती. पण चोर मोकळा आणि जाब मला, हा कोणता न्याय? दुसऱ्याने तर ‘या वयात खेळ?’ म्हणून हसून घेतले. जाहिरात जिथे होती त्यांचे उत्तर एका ओळीचे: पैसे आमच्या बाहेर दिलेत. सदतिसाव्या दिवशी तक्रार बंद झाली. कारण, ‘तक्रारदाराशी संपर्क होऊ शकला नाही.’ फोन दिवसभर माझ्या खिशात होता आणि त्यावर एकही कॉल आलेला नाही.

बँकेला कळवायचे असेल तर पहिल्या तासात कळवा; मी लाजेपायी तीन दिवस घालवले, आणि तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. आणि संच घेऊच नका. एन्कोडर, बटणे, जॉयस्टिक वेगवेगळ्या वेळी, वस्तू हातात घेऊन, तपासून पैसे देऊन घ्या. उशीर लागतो, पण एका माणसाच्या हातात सगळे अंदाजपत्रक जात नाही.

तीच जाहिरात परवा मला पुन्हा दिसली. नाव नवे आहे, किंमत 6,800 रुपये आहे आणि व्हिडिओ तोच, 41 सेकंदांचा. जॉयस्टिकच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. चौदाव्या सेकंदाला हात डावीकडे जातो.