बेल्ट गॅलरीत एलएचएस केबल लावायची की काचेचे बल्ब? दोन्ही वापरून झाल्यावर

मागच्या आठवड्यात वणी साइडच्या एका ओळखीच्या इंजिनीअरचा फोन आला, त्यांच्याकडे सीएचपीत (कोळसा हाताळणी प्लांटमध्ये) कोळसा वाहणारा नवीन बेल्ट पडतोय आणि फायरची स्पेक लिहायचीय, तर गॅलरीत (बेल्ट ज्यातून जातो तो बंद मार्ग) आग ओळखायला एलएचएस केबल (उष्णता ओळखणारी लांब वायर) टाकू की बल्बवाली पायलट लाइन (हवा भरलेला पाइप, त्यावर काचेचे बल्ब). फोनवर अर्धंच बोलणं झालं म्हणून इथे सविस्तर लिहितोय. डेल्यूज व्हॉल्व्ह (आग कळली की पाणी सोडणारा), स्प्रे नोझल वगैरे दोन्हीत सारखंच, ते सोडून देतो. आमच्याकडे आधी केबल होती, आता बल्ब आहेत.

आधी केबलची बाजू, कारण कागदावर तीच भारी आहे आणि मी पण तिलाच मत दिलं होतं. बेल्टची आग बऱ्याचदा जाम झालेल्या रोलरपासून सुरू होते. बेल्ट चालू असतो तोवर तो उष्णता पुढे वाहून नेतो, फारसं काही दिसत नाही. खरा घोळ बेल्ट थांबल्यावर होतो, तापून लाल झालेला रोलर एकाच जागी रबराला चिकटून बसतो, खाली कोळशाचा चुरा साचलेलाच असतो, शिफ्ट सुटलेली असते, आणि आमच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा तर नुसता ढीग करून ठेवला तरी धुमसायला लागतो. अशा वेळी रोलरच्या अगदी शेजारून गेलेली केबल लवकर पकडणार हे उघड आहे, शिवाय बरीच पॅनल्स किती मीटरवर गडबड आहे तेही सांगतात. बल्ब वर छताला असतात, उष्णता वर पोचेपर्यंत वेळ जातोच. इथवर केबल जिंकली.

पण मग फावडं येतं.

रोलरजवळ म्हणजे स्पिलेजजवळ (बेल्टवरून सांडलेल्या कोळशाजवळ), आणि स्पिलेज म्हणजे रोज दोन माणसं फावडं-घमेलं घेऊन बेल्टखाली वाकलेली. या केबलच्या आत दोन तारा असतात, मधलं प्लास्टिक ठरलेल्या तापमानाला वितळलं की तारा एकमेकींना टेकतात आणि पॅनलला फायर कळते. आता फावड्याच्या धारेनं तेच प्लास्टिक चेचलं तरी तारा टेकतातच ना, पॅनलला कुठे कळतंय आग लागली की फावडं लागलं. आणि एकदा टेकल्या की टेकल्या, तेवढा तुकडा कापून नवीन जोडावा लागतो, ते जॉइंटही नीट बसले नाहीत तर पावसाळ्यात ओल जाऊन पुन्हा बोंब. आमच्याकडे पहिल्या वर्षी असं इतक्यांदा झालं की मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक वेळी बेल्ट ट्रिप, डेल्यूज उघडून गॅलरीभर चिखल, खाली सायडिंगला मालगाडीची रेक उभी, डेमरेजचं (गाडी अडवल्याच्या रेल्वे दंडाचं) मीटर चालू आणि वरून साहेबांचे फोन.

याचा शेवट काय होणार ते तुम्ही ओळखलं असेल. पॅनल ऑटोवरून मॅन्युअलवर गेलं. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, मला वाटतं सगळ्यांनीच केलं. हूटरला कापूस आणि वरून टेप. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, हे पॅनल लय बोंबलते, याचं काय ऐकाव?" मी पण दोन-तीन आठवडे बघून न बघितल्यासारखं केलं, खोटं कशाला सांगू. मग एका रात्री टेल एंडजवळचा (बेल्टच्या शेपटीकडचा) रिटर्न रोलर खरंच पेटायला आला, पॅनलवर फायर दिसत होती म्हणे, पण कोणी ढुंकून पाहिलं नाही, एका जनरल मजदूरला रबर जळाल्याचा वास आला म्हणून वाचलो. माझ्यासाठी केबलचा विषय तिथेच संपला.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत युटाहच्या विल्बर्ग खाणीत डिसेंबर 1984 मध्ये 27 माणसं गेली, सुरुवात जमिनीखाली ठेवलेल्या एका एअर कॉम्प्रेसरपासून, जास्त तापला की बंद पाडणारी त्याची सेफ्टी बायपास केलेली होती. तिकडेच वेस्ट व्हर्जिनियात अराकोमा खाणीत जानेवारी 2006 मध्ये सरकलेला बेल्ट घासून आग लागली, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मनं आपलं काम केलं पण त्याच्यावर हालचाल वेळेत झाली नाही, पाइप जोडायला गेले तर लाइनला पाणी नाही, दोन कामगार गेले. आपल्याकडे फ्लुइड कपलिंगचा (मोटरची ताकद तेलातून बेल्टकडे देणारा भाग) फ्यूजिबल प्लग सारखा वितळतो म्हणून तिथे साधा बोल्ट मारून ठेवलेला मी स्वतः काढलाय. आता तो प्लग असतोच तापल्यावर वितळून तेल बाहेर सोडायला, बोल्ट मारला तर आतला दाब जाणार कुठे, कपलिंगच फुटणार. (तेल बाहेर पडून गरम चुऱ्यावर सांडतं ही वेगळी डोकेदुखी आहे, जमत असेल तर पाण्यावर चालणारं कपलिंग घ्या.)

तर बल्ब. काचेचा बल्ब, मागे पाइपात हवेचा दाब, बल्ब फुटला की दाब उतरतो आणि डेल्यूज उघडतं. वायर नाही, जॉइंट नाही, फावडं तिथपर्यंत पोचत नाही. कटकट नाही असं नाही हां. फिटिंगमधून हवा झिरपते, छोटा कॉम्प्रेसर सारखा भरत बसतो. वर गॅस कटिंग करणाऱ्यांनी दोनदा बल्ब उडवून स्वतःलाच आंघोळ घातली. आग नेमकी कुठे ते कळत नाही, फक्त झोन कळतो. आणि बल्बवर चुऱ्याचा थर बसला तर तो अजून उशिरा फुटणार, म्हणून मऊ ब्रशनं पुसावे लागतात. कृपा करून कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, बंद गॅलरीत कोळशाची धूळ हवेत तरंगवणं म्हणजे आगीच्या जागी स्फोटाची तयारी.

पण दोन वर्षं होत आली, पॅनल ऑटोवर आहे. कोणाला ते बंद करावंसं वाटलेलं नाही. माझ्या लेखी हाच फरक, बाकी काही मोजमाप केलेलं नाही.

तुमच्याकडे स्पिलेज खरंच कमी असेल, स्कर्ट रबर (कोळसा बाजूला सांडू न देणारं) आणि स्क्रॅपर (बेल्ट खरवडून साफ करणारा) वेळेवर बदलत असतील, तर केबल चांगलीच आहे, मी नाही म्हणणार नाही. केबल ट्रेमध्ये आणि ड्राइव्ह हेडच्या गार्डच्या आत आम्हीही तीच ठेवलीय, तिथे फावडं जात नाही. फायबरवालं (ऑप्टिकल फायबरनं तापमान ओळखणारं) पण बघितलं होतं, छान आहे, पण बिघडलं तर माणूस बाहेरून येणार. चालत्या बेल्टवरचा पेटता कोळसा मात्र या कशालाच दिसत नाही, त्याला इन्फ्रारेडवाला वेगळा लावा. जमिनीखालच्या बेल्टचं गणित वेगळं, तिथलं मी बोलत नाही.

बल्ब घेतलेत तर रंग स्पेकमध्ये स्पष्ट लिहा. चंद्रपूरचा मे 46-47 ला टेकतो, पत्र्याखाली त्याच्याही वर, म्हणून आम्ही हिरवे घेतले, 93 डिग्रीचे. स्पेअरचा एक डबा जास्तच मागवा. आमचे दिवाळीत संपले तर स्टोअरनं लाल पाठवले, 68 वाले, म्हणे बल्ब तो बल्ब. परत पाठवून हिरवे यायला होळी उजाडली.