कॅफिन की सुक्रालोज? सांडपाण्याचा माग काढताना

पाण्यात जिवाणू सापडले, तरी घाण माणसांची की गुरांची हे त्यावरून सहज कळत नाही. म्हणून माणसाच्याच पोटातून जाणारी रसायनं शोधतात.

कॅफिन शरीरात जवळजवळ सगळं पचतं. ५ टक्क्यांहूनही कमी जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. शिवाय उरलेला चहा मोरीत ओतला जातोच! शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मात्र ते चटकन फस्त करतात. त्यामुळे प्रवाहात कॅफिन भरपूर मिळालं, तर प्रक्रिया न केलेलं, ताजं सांडपाणी जवळच शिरतंय असा संशय घ्यावा. काठाला चहा-कॉफीचे मळे असतील तर जरा जपून.

सुक्रालोज, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ते कृत्रिम गोड रसायन, अगदी उलट वागतं. खाल्लेल्यापैकी सुमारे ८५ टक्के न पचता बाहेर येतं, शुद्धीकरणालाही फारशी दाद देत नाही आणि भूजलात टिकतं. पण पाणी शुद्ध होऊन आलंय की तसंच, हे ते सांगत नाही.

गळकी गटारवाहिनी शोधायला मी कॅफिन निवडेन. सेप्टिक टँकचं पाणी विहिरीपर्यंत पोचतंय का हे पाहायला सुक्रालोज. खर्च परवडत असेल तर दोन्ही मोजून गुणोत्तर काढावं.