हेल्थ कोच: मोबाईलवरचा की समोर बसणारा?

माझा एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आला तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही; आहार आणि चालण्यावर कुणाची तरी नजर असू द्या, एवढेच सुचवले. ५.७ ते ६.४ या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्यात आलेल्या माणसाला काय खाऊ नये हे ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असलेले हातून होत नाही, आणि हेल्थ कोचचे काम तिथेच सुरू होते. निदान करणे किंवा औषध बदलणे हे त्याचे काम नव्हे. मधुमेह टाळण्याविषयीच्या ज्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटाला मार्गदर्शक नेमून दिले होते. उद्दिष्ट आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि ७ टक्के वजनघट एवढेच होते, तरी त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. त्यामुळे कोच घ्यायचा हे ठरलेलेच होते. ॲपवरचा की रत्नागिरीत प्रत्यक्ष भेटणारा, एवढाच प्रश्न उरला. मी आधी सहा महिने ॲप वापरले.

ॲप स्वस्त पडते, पावले मोजते, रात्री अकरालाही प्रश्न विचारता येतो. पावसात रेंज जाते, पण पावसात एसटी तरी कुठे वेळेवर येते! माझी तक्रार वेगळी आहे. सहा महिन्यांत मला एकामागून एक तीन कोच मिळाले आणि प्रत्येकाने पहिल्याच दिवशी तोच प्रश्न केला: सकाळी काय खाता? उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा, हे मी तीनदा समजावून सांगितले. ॲपच्या यादीत पेज नव्हतीच. तिच्या जागी ‘तांदळाची खीर’ निवडावी लागे. दुसऱ्या कोचबरोबर दोन वाट्यांची एक वाटी करून जोडीला कुळथाची उसळ घ्यायची, असे महिनाभराच्या खटपटीने जमवले होते. तिसऱ्याने आल्या आल्या पेज बंद करायला सांगितली.

रत्नागिरीच्या बाई पूर्वी परिचारिका होत्या. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी त्यांच्याकडे जाण्यात अर्धा दिवस मोडतो, फी ॲपच्या दुपटीच्या आसपास आहे आणि गणपतीत त्या भेटतच नाहीत. मात्र त्यांची एक वही आहे. ‘मागे तुम्ही म्हणाला होतात, वहिनींच्या गुडघ्यामुळे संध्याकाळचे फिरणे राहते, मग मासळी आणायला सकाळी चालत का जात नाही?’ असे त्यांनी तिसऱ्या भेटीत वही चाळत विचारले आणि माझे चालणे सुरू झाले. जून-जुलैत मासेमारी बंद झाल्यावर ते निमित्त संपले, तेव्हा दूध आणायला लांबच्या वाटेने जायचे, हेही त्यांनीच सुचवले.

ॲपवर असताना आकडा ६.० झाला, बाईंकडे गेल्यावर ५.८, एवढ्याशा फरकावरून निवाडा करणे योग्य नाही, हे मलाही कळते. बोटीवर नोकरी करणाऱ्याला किंवा आठवडाभर मुंबईत असणाऱ्याला कदाचित ॲपच सोयीचे पडेल. पैसे भरण्यापूर्वी कोच मध्येच बदलणार नाही ना, एवढे मात्र त्याने विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.