वहीत लिहायचं की तोंडावर सांगायचं?
कृतज्ञतेची सवय वर्षभर टिकवायची तर दोन रस्ते आहेत, रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या किंवा ज्याच्यामुळे चांगलं झालं त्यालाच जाऊन सांगायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या टीमने २००५ च्या अभ्यासात दोन्ही तपासलंय. आभाराचं पत्र स्वतः नेऊन देणाऱ्यांना लगेच खूप छान वाटलं पण तो परिणाम महिनाभरच राहिला, आणि तीन गोष्टी, त्या का घडल्या या कारणासकट, आठवडाभर लिहिणाऱ्यांमध्ये फरक सहा महिन्यांनीही दिसला, त्यातही ज्यांनी पुढे स्वतःहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त.

म्हणून रोजच्यासाठी माझं मत वहीला. फक्त "घर, तब्येत, नोकरी" असं तेच तेच नको, बारीक लिहा, "रिक्षावाल्या काकांनी पावसात पार गेटच्या आत सोडलं" असं.

सांगणं मात्र आपल्याकडे अवघड जातं, घरात थँक्यू म्हटलं की आई म्हणते परक्यासारखं काय बोलतोस. पण "आज आमटी मस्त झालीये गं" एवढं म्हटलं तरी तिला पोचतं. मी महिनाअखेरीला वही चाळतो आणि त्यातल्या एकाला फोन लावतो.