महाटीईटी की सीटीईटी: आधी कुठली द्यावी?

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) नुकतंच संपवलेली मुलगी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी, दोघंही हल्ली एकच प्रश्न विचारतात: महाटीईटी द्यायची की सीटीईटी? दोन्ही शिक्षक पात्रता परीक्षाच (टीईटी), पहिली राज्याची, दुसरी केंद्राची. मुलीला नोकरी मिळवायची आहे, गुरुजींना आहे ती टिकवायची आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं. त्याहून कमी उरला असेल तर नोकरी शाबूत, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. त्यामुळे मुलांचे पेपर तपासून झाल्यावर रात्री स्वतःचा अभ्यास काढून बसणारी बरीच मंडळी आता घरोघरी दिसतात.

मी दोन्ही परीक्षा दिल्यात. महाटीईटी पहिल्या फटक्यात निघाली, सीटीईटीला मात्र पहिल्या खेपेस ८६ वर अडकले. चार गुण. ते कुठे गेले हे सांगण्यासारखं आहे, पण आधी ढाचा.

ढाचा दोन्हींचा जवळपास एकच, कारण दोन्ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांवर बेतलेल्या आहेत. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चार पर्याय, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा तीस-तीस आणि उरलेले ६० विषयांचे: पेपर १ मध्ये गणित आणि परिसर अभ्यास, पेपर २ मध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते आजीवन झालं. खुल्या प्रवर्गाला फीसुद्धा अलीकडच्या परीक्षांत सारखीच पडली: एका पेपरला हजार, दोन्हींना बाराशे. महाटीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, सीटीईटी सीबीएसई.

एक गोष्ट मात्र फॉर्म भरायच्या आधीच पक्की करा. फक्त बी.एड. असेल तर पेपर १ वर भिस्त ठेवू नका. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या भरतीसाठी बी.एड. ही पात्रता उरलेली नाही, तिथे डी.एड. किंवा डी.एल.एड.च लागतं. बी.एड.वाल्यांचा पेपर २.

आता कुठली कुठे चालते. महाटीईटी महाराष्ट्रात चालते, बस्स. सीटीईटी केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं, दिल्ली-चंदीगडच्या शाळा इथे लागते आणि आपल्याकडच्या पवित्र पोर्टलवरच्या (राज्याच्या शिक्षकभरतीचं संकेतस्थळ) भरतीतही ग्राह्य धरली जाते. म्हणजे कागदावर बघितलं तर सीटीईटी एका दगडात दोन पक्षी. क्लासवाले हेच सांगून मुलांना सीटीईटीच्या बॅचमध्ये बसवतात. सांगतात ते खरं आहे, फक्त अर्धं.

उरलेलं अर्धं म्हणजे भाषा. महाटीईटीत मराठी माध्यम घेतलं की अख्खा पेपर मराठीत. सीटीईटीत भाषेचा पेपर म्हणून मराठी घेता येते, पण बालमानसशास्त्र, गणित, परिसर अभ्यास हे सगळं हिंदी आणि इंग्रजीत. आपल्याला वाटतं, हिंदीच तर आहे, देवनागरीच तर आहे. घात तिथेच होतो. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे आपलं शिक्षण. आपली शिक्षा म्हणजे कोंबडा करून उभं करणं. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर कुणी फसत नाही. फसायला होतं ते पुढच्या शब्दांवर. हिंदीत 'शिक्षण' म्हणजे अध्यापन आणि 'अधिगम' म्हणजे अध्ययन. 'संवेग' म्हणजे भावना, आणि आपण तर विज्ञानात संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग असं शिकलेलो. माझे गुण गेले ते 'आकलन' या शब्दावर. मराठीत आकलन म्हणजे समजणं. सीटीईटीच्या हिंदीत आकलन म्हणजे मूल्यमापन. 'आकलन का उद्देश्य' असं वाचून मी समजून घेण्याचा उद्देश शोधत बसले आणि पर्यायांतला जो सर्वांत गोड वाटला त्यावर गोल काळा केला. 'रचनात्मक आकलन' आणि 'योगात्मक आकलन' म्हणजे आपलं रोजचं आकारिक आणि संकलित मूल्यमापन, हे घरी येऊन उत्तरसूची बघताना उजाडलं. प्रगतिपुस्तकात जो शब्द मी दर सत्राला लिहिते, तोच पेपरात ओळखता आला नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. एक चाळीस पानी वही घ्या, तीन रकाने आखा: मराठी, हिंदी, इंग्रजी. सीटीईटीचे तीन-चार जुने पेपर सोडवताना जो शब्द अडेल तो लिहा. पन्नासएक शब्दांतच बालमानसशास्त्राचा सगळा कारभार आटोपतो. आणि परीक्षेत प्रश्न हिंदीत वाचला तरी संज्ञेपाशी थांबून प्रश्नपत्रिकेतल्या इंग्रजी मजकुरावर नजर टाका. दुसऱ्या खेपेस मी एवढंच वेगळं केलं.

दुसरा फरक प्रश्नांच्या स्वभावाचा. महाटीईटीचा गणिताचा प्रश्न साधारण असा असतो: दोन संख्यांचा लसावि १२०, मसावि ८, एक संख्या २४, तर दुसरी कोणती? गुणाकार, भागाकार, ४०, पुढे चला. सीटीईटीत असं येईल: एका मुलीनं ४२ − १८ = ३६ असं लिहिलं, तिला नेमकं काय समजलेलं नाही? इथे २४ हे बरोबर उत्तर तुम्हाला येतं की नाही याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नाही. एककाच्या घरात तिनं आठातून दोन वजा केले, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा असा तिनं स्वतःचा नियम बनवलाय आणि दशक सोडवायची कल्पना तिच्यापर्यंत पोचलेली नाही, हे तुम्हाला दिसतं का, ते विचारलंय. पर्यायांत 'तिला अधिक सराव द्यावा' असाही एक असतो आणि घाईत हात तिकडेच जातो. पेपर १ च्या गणितात असे अध्यापनशास्त्राचे प्रश्न निम्मे, ३० पैकी १५.

त्यामुळे एक गंमत होते. वर्गात रोज वह्या तपासणाऱ्याला सीटीईटीचे हे प्रश्न ओळखीचे वाटतात, आणि नुकतीच डी.एल.एड. झालेली, पाठांतर ताजं असलेली मुलं महाटीईटीत भराभर सुटतात. पण कुठली द्यायची हे एवढ्यावरच ठरत नाही.

परिसर अभ्यासातही तसंच. महाटीईटीसाठी बालभारतीची पुस्तकं, तिसरीपासून पुढची, शब्दन्‌शब्द. चौथीचं शिवछत्रपती तर तोंडपाठच हवं. किल्ले, नद्या, घाट, समाजसुधारक, कशावरही प्रश्न पडतो. सीटीईटीचा परिसर अभ्यास एनसीईआरटीच्या तिसरी ते पाचवीच्या पुस्तकांच्या वळणाचा: कुटुंब आणि मित्र, अन्न, निवारा, पाणी, प्रवास, आपण बनवतो त्या वस्तू. माहिती कमी, आणि 'हा धडा वर्गात कसा घ्याल' जास्त.

भाषेच्या पेपरात महाटीईटी व्याकरणावर जोर देते. समास, प्रयोग, अलंकार, म्हणी, वाक्प्रचार, कवींची टोपणनावं. सीटीईटीत उतारा आणि कविता वाचून उत्तरं द्यायची, अर्धा पेपर तिथे निघतो. उरलेला अर्धा भाषा शिकवण्याबद्दल. मराठी ज्यांची पक्की आहे त्यांनी सीटीईटीत भाषा १ म्हणून डोळे झाकून मराठीच घ्यावी. इंग्रजीचा रुबाब तिथे कामाचा नाही.

अवघड कुठली? आकडे बघाल तर महाटीईटी. २०२१ आणि २०२४, दोन्ही वेळा निकाल पाच टक्क्यांच्या आत राहिला. सीटीईटीला जुलै २०२४ मध्ये पेपर २ दिलेल्यांपैकी साधारण सहात एक पास झाला. यावरून सीटीईटी सोपी असं मी म्हणणार नाही, पण तिचा आवाका ठरलेला आहे. दहा जुने पेपर सोडवले की पुढचा प्रश्न कुठून येणार याचा वास लागतो. महाटीईटीचा लागत नाही.

तारखांचा हिशेबही धरा. महाटीईटी २१ नोव्हेंबर २०२१ ला झाली, त्यानंतर थेट १० नोव्हेंबर २०२४ ला. मधली दोन वर्षं मुलं नुसती वाट बघत होती. पुढची २३ नोव्हेंबर २०२५ ला झाली. सीटीईटी वर्षातून दोनदा व्हायची, पण २०२५ मध्ये तीही झाली नाही, फेब्रुवारी २०२६ वर गेली. म्हणून माझं सरळ मत: दोन वर्षांची मुदत डोक्यावर असलेल्यांनी आवडनिवड बाजूला ठेवून जी आधी येईल तिचा फॉर्म भरावा आणि दुसरीचाही. हजार-बाराशे रुपये वाचवून वर्ष घालवण्यात शहाणपण नाही.

तरी अभ्यासाचा मुख्य वेळ एकीलाच द्यावा लागतो. मराठी शाळेत सेवेत असलेल्या गुरुजींना मी महाटीईटी सांगेन. पुस्तकं रोजच्या हाताखालची, भाषा आपली, आणि सीटीईटीसाठी वेगळं काही न वाचता बालमानसशास्त्र तेवढं दोन्हीकडे कामाला येतं. त्यांची खरी अडचण वेगाची असते. फळ्यावर समजावून सांगायची सवय, त्यामुळे एकेका प्रश्नावर रेंगाळतात. १५० प्रश्नांना १५० मिनिटं, घड्याळ लावून घरी सोडवल्याशिवाय ही सवय सुटत नाही.

डी.एल.एड. झालेल्या मुलीला, हिंदी वाचायची सवय असेल आणि महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल, तर सीटीईटी आधी. गावाजवळची जिल्हा परिषद एवढंच डोक्यात असेल तर दोन्ही सारख्याच, जिचं जुनं पेपरपुस्तक उघडल्यावर झोप येत नाही ती घ्यावी. इंग्रजी माध्यमातून बी.एड. केलेल्यांनी फार विचार करू नये, त्यांना सीटीईटीचा पेपर २ बराच सोयीचा.

आणि इथे मुलं एक चूक हमखास करतात: पास होण्याइतकं येत असूनही टीईटीचेच गुण वाढवत बसतात. ९० गुणांनंतरचा प्रत्येक गुण मिरवायला असतो. जिल्हा परिषदेच्या भरतीत गुणवत्ता यादी लागते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे टेटच्या गुणांवर. तिथे टीईटीचे ९१ आणि १२१ सारखेच. (टीईटी आणि टेट, नावं इतकी सारखी ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.) टेट २०० गुणांची, दोन तासांची, तिचा अभ्यास वेगळा: अंकगणित, तर्क, आकृत्यांचे क्रम. २०१७, २०२३ आणि २०२५ अशी ती आजवर तीनदाच झाली. सराव पेपरात सातत्याने १०० पडू लागले की टीईटीची वही मिटावी आणि तो वेळ तिकडे वळवावा.

पेपरच्या दिवसाचं एक. दोन्हीकडे गोल काळे करायचे असतात आणि १५० गोल भरायला वाटतो त्याहून जास्त वेळ जातो. माझ्या हॉलमध्ये शेजारच्या बाईंनी सगळी उत्तरं आधी प्रश्नपत्रिकेवर टिकमार्क केली होती, शेवटी एकदम भरू म्हणून. घंटा झाली तेव्हा त्या एकशे दहाव्या गोलावर होत्या. दर तीस प्रश्नांनंतर भरा, आणि शेवटची पाच मिनिटं न आलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. गुण कापत नाहीत, एकही गोल पांढरा ठेवायचा नाही.