आल्बुफेइरा की पुएर्तो देल कार्मेन? आयर्लंडहून सुट्टीला निघताना

आयर्लंडच्या ढगाळ हवेतून आठवडाभर सुटका हवी असली, की तिथल्या कुटुंबांच्या बोलण्यात दोन गावांची नावे हमखास येतात: पोर्तुगालच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावरील आल्बुफेइरा आणि स्पेनच्या लान्झारोते बेटावरील पुएर्तो देल कार्मेन. दोन्हीकडे घड्याळ आयर्लंडच्याच वेळेप्रमाणे चालते आणि आयरिश पबही दोन्हीकडे भरपूर आहेत, त्यामुळे या मुद्द्यांवर निवड अडत नाही. माझ्या मते गाव ठरवण्याआधी महिना पाहावा.

लान्झारोते आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १२५ किलोमीटरवर असल्याने जानेवारीतही तिथे दुपारचे तापमान २१ अंशांच्या आसपास असते आणि पाऊस क्वचितच पडतो. आल्गार्व्हमध्ये त्याच सुमारास ते १६ अंशांवर येते, पावसाचे दिवसही याच काळातले. म्हणून फेब्रुवारीतल्या शाळांच्या मिड-टर्मच्या (सत्रामधल्या) सुट्टीसाठी मी निःसंकोचपणे पुएर्तो देल कार्मेन सुचवेन, आणि ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीसाठीही माझा कौल तिकडेच राहील. जून आणि सप्टेंबर मात्र आल्बुफेइराचे महिने आहेत. डब्लिनहून आल्गार्व्हमधल्या फारोचे विमान साधारण तीन तासांत पोहोचते, तर लान्झारोतेला चार तासांहून अधिक लागतात. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईला हा फरक चांगलाच जाणवतो. विमान उतरल्यावर मात्र पारडे फिरते, कारण फारो विमानतळापासून आल्बुफेइरा सुमारे ४० किलोमीटर आहे आणि पुएर्तो देल कार्मेन विमानतळापासून अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर.

आल्बुफेइराजवळचा फालेझिया किनारा, त्यामागचे तांबूस-पिवळे कडे आणि सोनेरी वाळू यांना लान्झारोतेत तोड नाही. मात्र या ठिसूळ कड्यांच्या सावलीत कधीही बसू नये. २००९ साली जवळच्याच मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला होता. जुन्या गावातले रस्ते चढउताराचे आहेत. गुडघेदुखीने त्रस्त आईवडील सोबत असतील, तर पुएर्तो देल कार्मेनचा समुद्राकाठचा लांब, बराचसा सपाट पदपथ अधिक सोयीचा ठरतो.

किनाऱ्यापलीकडचे पाहायचे असेल, तर लान्झारोते अधिक समृद्ध आहे. १७३० ते १७३६ या काळातील ज्वालामुखीच्या उद्रेकांनी बेटाचा मोठा भाग लाव्ह्याखाली गाडला, आणि तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात आजही जमिनीखालच्या उष्णतेवर अन्न भाजून दाखवतात. ला हेरिया भागात शेतकऱ्यांनी काळ्या राखेत खड्डे करून त्यात द्राक्षवेली लावल्या, कारण ही राख रात्रीचे दव धरून ठेवते. बाजूला रचलेली दगडांची अर्धवर्तुळे वेलींना वाऱ्यापासून आडोसा देतात. कोरडवाहू शेती जवळून पाहिलेल्या मराठी माणसाने हे अवश्य पाहावे. बेटावर उंच इमारती फारशा दिसत नाहीत, त्याचे मोठे श्रेय सेसार मान्रिके या कलावंताच्या आग्रहाला जाते.

शाकाहारी मंडळींची सोय दोन्हीकडे थोडी शोधावी लागते. लान्झारोतेत खारट पाण्यात उकडलेले सालीसकट बटाटे आणि लसणाची ‘मोहो’ ही चटणी मिळते, जी आपल्या जिभेला सहज रुचते. पोर्तुगालमध्ये तर ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे शब्दच ओळखीचे वाटतील, कारण मराठीने ते तिथूनच घेतले. तिथे न मागता टेबलावर आणून ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवावेत.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. स्पेन आणि पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत; आयर्लंड त्यात नाही, त्यामुळे भारतीय पारपत्र असणाऱ्यांना तिथला निवासपरवाना असूनही या दोन्ही ठिकाणी जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण तो ज्या देशात जायचे त्याच देशाकडे करावा लागतो. त्यामुळे स्पेन की पोर्तुगाल हे भेटीची वेळ घेण्यापूर्वीच पक्के करावे, आणि परतावा न मिळणारे तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत काढू नये.